बारा टोकांचा तारा

समरकंदजवळच्या त्या गावात उस्ता होलिक तुतीच्या सालीचा कागद करायचा आणि त्या कागदाच्या, दिव्यांवर घालायच्या शेडही. यंदा तो एकाच शागिर्दाला कमरबंद बांधणार होता. तो मिळाला की बाजारात स्वतःच्या नावानं शेड मांडता येते. शागीर्द दोनच होते, मुलगा सरवर आणि सून गुलचेहरा.

आजवर तिच्या हातच्या शेड सरवरच्या नावावर खपत. मोहल्ल्याला माहीत होतं, पण सगळे मूग गिळून बसले होते.

या खेपेला तिनं जीव ओतला. परकारानं बारा टोकांचा तारा आखला, तुकडे कापले, सुरेख घड्या घातल्या. आधीच्या शेड तारेवर शिवलेल्या असत. खळीनं चिकटवायची ही पहिलीच. अकीकाच्या गोट्यानं कागद घोटता घोटता तिनं विचारलं, "उस्ता, खळ लावायच्या कडाही घोटू?"

"घोट की, सूनबाई! आरसा झाला पाहिजे नुसता."

उस्ताच्या शब्दावर शंका घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. बिचारी मनगट भरून येईतो घोटत बसली. शेडमधला पहिला दिवा उस्तानंच लावायचा, तोही पाहुण्यांसमोर, अशी रीत. त्यामुळे आधी लावून बघायची सोय नव्हती.

मेजवानीला अंगण भरलं. उस्तानं तिच्या शेडमधला बल्ब लावला आणि भिंतभर तारे पसरले. ती हरखून गेली. मग शेड तापली, गुळगुळीत कडांवरची खळ सुटली आणि एकेक टोक पुलावाच्या परातीत गळू लागलं.

"अगं बाई, मीठ कमी होतं म्हणून कागद घातलास का?" शेजारची मावशी ओरडली. अंगण खदखदून हसलं.

"बायकांनी पीठ मळावं," म्हणत उस्तानं सरवरला कमरबंद बांधला. सरवरची शेड सहा बाजूंची, तीही तिरकी, पण धड उभी होती.

कागद पडलेल्या पराती उचलताना गुलचेहरानं सरवरच्या शेडच्या कडेवरून बोट फिरवलं. कड खरखरीत होती. जिथं खळ लावायची, तेवढी पट्टी न घोटता सोडली होती.

"तुला माहीत होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"बाबा म्हणाले, तिला सांगू नकोस," सरवर म्हणाला. "जरा ही कमरबंदाची गाठ सैल कर ना, जेवताना काचतेय."