ओंबीची कुसळं

मिलेना "मावशी" म्हणाली की कालिनाच्या डोक्यात जाळ व्हायचा. मावशी कालिनाची होती, सख्खी. शाळा सोडून कालिना घरात आदळआपट करत बसली तेव्हा तेओफिला मावशीनेच तिला आपल्याकडे आणून मेणबत्त्या शिकवल्या. आणि ही मिलेना कोण? पलीकडच्या गल्लीतली. शेतातले बटाटे काढून झाले तशी कामाला आली, आणि आता शेगडीजवळचं उबदार स्टूलसुद्धा तिचंच.

वर पोरीचा हात हलका. दाबून सुकवलेली निळी फुलं मेणावर ठेवायची, गरम चमच्याच्या पाठीनं अलगद चिकटवायची, मग अख्खी मेणबत्ती पातळ मेणात बुडवून झटकन वर काढायची. कालिनाला ते झटकन जमायचं, पण अलगद नाही. पाकळी फाटायची. मिलेनाची फुलं मात्र मेणातच उमलल्यासारखी दिसायची.

उद्या चर्चमध्ये मेणबत्त्यांचा सण. फादरनी आशीर्वाद दिलेली मेणबत्ती तिथंच पेटवायची आणि जळती घरी आणायची. वाटेत विझली तर त्या घराचं वर्ष वाईट जातं. मागच्या सणाला मावशीच्या हातात कालिनाची मेणबत्ती होती, त्याच्या आधीही.

"यंदा मिलेनाची नेते गं," मावशी म्हणाली. "बघ तरी, काय देखणी झालीय!"

"बघितली."

"मग आंबवलेली काकडी चावल्यासारखं तोंड का केलंस?"

"माझं तोंडच तसं आहे."

"मावशी, तिचीच ने ना," मिलेना म्हणाली. "माझं काय एवढं?"

हे तर जास्तच झोंबलं. "कशाला? तुझीच नेऊ दे. कळू दे सगळ्या गावाला, केवढी कलाकार आहेस ते!"

मेणबत्त्या पेटीत भरायचं काम कालिनाचं. मिलेनाची हातात घेतली आणि तिला दिसलं. निळ्या फुलांमध्ये गव्हाची ओंबी बसवली होती, आणि तिची सुकी कुसळं पार वातीला भिडली होती. पेटवायच्या मेणबत्तीचा वरचा चार बोटं भाग कोरा सोडतात. मिलेनानं आजवर नुसत्या शोभेच्याच केल्या होत्या, तिला कोण सांगणार? मावशीला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नव्हतं. चाकूनं खरवडलं असतं तर झालं असतं.

कालिनानं पेटीचं झाकण लावलं.

सकाळी प्रार्थना संपली, ज्योती लागल्या, बायका ओंजळीचा आडोसा धरून बर्फातून निघाल्या. "कुणी केली गं ही?" असं दोघीतिघींनी विचारलं, आणि मावशीनं प्रत्येकीला मिलेनाचं नाव सांगितलं. आपली पेटती मेणबत्ती घेऊन मागून चालणारी कालिना फक्त ज्योतीकडे बघत होती. पेट, पेट ना एकदाची.

पुलाजवळ कुसळं पेटली. भसकन जाळ उठला, मावशीच्या शालीची लोकर चरचरली, तिनं हात झटकला, मेणबत्ती बर्फात पडली आणि विझली.

मावशी पांढरीफटक पडली. मिलेना जागच्या जागी रडायला लागली. कालिनाला वाटलं होतं, मजा येईल. पण मावशीचे ओठ थरथरत होते.

"माझी घे," कालिनानं आपली जळती मेणबत्ती पुढे केली. "तिथलीच ज्योत आहे. अजून काही बिघडलं नाही."

मावशीनं ती घेतली. फाटक्या पाकळ्या, पण वरचं मेण स्वच्छ कोरं. मावशीनं मेणबत्ती हातभर लांब धरून आधी त्या कोऱ्या मेणाकडे पाहिलं, मग कालिनाकडे.

"काल पेटी तूच भरलीस ना?"

"हो."

"आणि घारीसारखी नजर तुझी."

मावशीनं मोकळा हात रडणाऱ्या मिलेनाच्या खांद्यावर टाकला, तिला शालीत ओढून घेतलं. "उगी गं. पोळलं नाही मला. चल, आडोसा धर, वारा आहे."

दोघी त्या एका ज्योतीभोवती चार हात धरून पूल ओलांडायला लागल्या. मेणबत्ती कालिनाचीच होती. ती रिकामे हात खिशात कोंबून मागून चालत राहिली.