तळ्यात उतरणारी तबकडी

"दिसेना!"

मित्रांनो, होडीच्या काठावरून वाकून दिलेली ती हाक अजून माझ्या पत्र्यात घुमते. मी एक जुनी तबकडी आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेली, रंगाचे पोपडे उडालेली. माझं काम आता एक यंत्र करतं. बटण दाबलं की ते पाण्याचा गढूळपणा सांगतं. मला मात्र त्यासाठी कुणाची तरी नजर लागायची.

रंगाच्या डब्याच्या झाकणातून माझा जन्म झाला. पाट्या रंगवणाऱ्या एका आजोबांनी मला काळं-पांढरं रंगवलं, मधोमध दोरी ओवली आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. "कशी डोळ्यात भरते बघ," असं ते नववीतल्या नातीला म्हणाले. नमुना परदेशातल्या एका शाळेकडून आला होता. तिथल्या तळ्यात माझी जुळी बहीण उतरायची. इकडची मुलं इकडचं तळं मोजत, तिकडची तिकडचं, आणि आकडे एकमेकांना कळवत.

मला पाण्यात सोडायचं आणि मी दिसेनाशी झाले की भिजलेल्या गाठी मोजायच्या. गाठी जास्त, तर पाणी नितळ. वर्षभर बघणारी नजर मात्र एकच हवी. ती नजर नातीची होती, आणि वर्षाअखेर बघणारीनंच परदेशी जायचं असं ठरलेलं.

काय सुखाचे दिवस होते ते. अंगाला गार पाणी, वर आभाळ, आणि आभाळाच्या मधोमध तिचा चेहरा.

पण हळूहळू गाठी कमी भरू लागल्या. विज्ञानाच्या बाई काळजीत पडल्या. तळं बिघडत चाललंय, असं अहवालात लिहायची वेळ आली. होडीवाले काका तेवढे कुरकुरले, "मला म्हाताऱ्याला तळाचा मासा दिसतो, अन् तुला एवढं ताट दिसेना होय गं?" सगळे हसले. ती हसली नाही. मला खालून तिचे बारीक केलेले डोळे दिसायचे. अगं, ही काय मी, असं सांगावंसं वाटायचं. पण पत्र्याला कुठली वाचा?

मग तिकडची एक मुलगी पाहुणी आली आणि नातीच्याच घरी उतरली. दोघींची अशी गट्टी जमली की वेणीसुद्धा एकमेकींची घालायच्या. पाहुणी मराठी मोडकीतोडकी बोलायची, पण 'दिसते' आणि 'दिसेना' हे शब्द मात्र तिला पक्के येत.

शेवटच्या मोजणीला दोघी शेजारी-शेजारी वाकल्या. नात म्हणाली, "दिसेना." बाई आकडा लिहू लागल्या. पाहुणीनं मैत्रिणीचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाली, "मला दिसते."

बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, म्हणून अधूनमधून आमच्यावरची धूळ पुसा, आमची दोरी कुजली का ते बघा. माणसांना बोलता येतं, पण त्यांनाही कधीकधी असा हात धरून बोलतं करावं लागतं. माझी एवढीच विनवणी आहे.

नातीनं मान वर केली. डोळे भरले होते.

"बाई, ते लिहू नका," ती म्हणाली. "तळ्याला काही झालेलं नाही. मलाच फळ्यावरचंसुद्धा दिसत नाही आता. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवाल, म्हणून बोलले नाही."