दाखव तिला

आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीला निलंग्याच्या हायस्कुलात जावं लागतं. यंदा सातवीतून दोनच मुली बाहेर पडल्या, धम्मप्रिया आणि उज्वला. निकालाच्या दिवशी शेषेराव गुरुजी दोघींना घेऊन आमच्या दारात आले.

"प्रियदर्शनीबाई, तुमचं डीएड झालंय. ह्या दोघींना जरा तिकडची सवय लावा. माझ्याकडं तीन वर्गांत मिळून सतरा लेकरं. तिकडं एका वर्गात साठ."

मी हो म्हणाले. ह्यांची नोकरी नांदेडला, शनिवारी येतात. घरात मी, सासूबाई धुरपताबाई आणि दहा महिन्यांचा प्रेम. दुपारी प्रेम झोपला की तास-दीड तास माझा असतो. तो मी ह्या दोघींना द्यायचं ठरवलं.

धम्मप्रियाला सेमीची तुकडी पाहिजे होती. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं. तिची आई महामाया अक्का शाळेत खिचडी शिजवते. उपकेंद्रातल्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं, नर्सिंगला जायचं तर विज्ञान इंग्रजीत झालेलं बरं. तेवढं वाक्य महामाया अक्कानं पक्कं धरून ठेवलं होतं. "वैनी, एवढं बगा. माझी पोरगी सेमीत गेली पाहिजे," असं ती भेटेल तिथं म्हणायची. सेमीच्या जागा तीस, आणि त्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात चाचणी. उज्वलाला सेमीचं काही पडलेलं नव्हतं. धम्मी चाचणीला बसते म्हणून ती बसणार होती.

मी एका वहीत यादी केली. अर्ज कसा भरायचा. पास दाखवून बस कशी धरायची. दर पस्तीस मिनिटांनी घंटा होते आणि दुसरे सर येतात.

"दुसरे कामून?" उज्वलानं विचारलं.

"गणिताचे वेगळे, इतिहासाचे वेगळे."

"म्हंजे आमच्या गुरुजीला सगळंच येतं, अन् तिकडच्यांना एकेकच येतं?"

धुरपताबाई आतून ज्वारी निवडत होत्या, त्या इतक्या हसल्या की प्रेम उठला.

सुरुवातीला उज्वला घरून पाण्याची बाटली आणायची. ते शेतकऱ्याचं घर, आमचं बौद्धवाड्यातलं; बाटली तिच्या आजीनंच भरून दिलेली असायची. आठवड्याभरानं ती बाटली विसरायला लागली आणि आमच्या रांजणातलं पाणी प्यायला लागली.

धम्मप्रिया हुशार. उज्वला गणितात अडायची, त्यातही अपूर्णांकात. अडली की पेन दातात धरून शेजारी बघायची. शेजारी धम्मप्रिया असायचीच. शेषेराव गुरुजींची शाळा चालते ती अशीच. तीन वर्ग एका खोलीत, गुरुजी एका फळ्याशी, आणि ज्याचं आधी झालं त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. "दाखव तिला," हे गुरुजींचं दिवसातून पन्नासदा म्हणायचं वाक्य. धम्मप्रिया पाचवीत असल्यापासून खालच्या वर्गाच्या लेकरांना दाखवत आली होती. मीही तेच केलं. प्रेम रडला की मी त्याला पाजायला आत जायची आणि जाताजाता म्हणायची, "धम्मे, दाखव तिला तोवर." मला ते सोयीचं होतं.

चाचणीच्या दिवशी महामाया अक्काला रोजानं जायचं होतं. मीच दोघींना घेऊन निघाले, कडेवर प्रेम. बसमध्ये मी पुन्हा सगळं घोकून घेतलं. नाव वर लिहायचं, आधी सोपं सोडवायचं, घाबरायचं नाही.

पेपर अकराला सुरू झाला. वीस प्रश्न, चाळीस मार्क, एक तास. एकाहत्तर मुलं बसली होती. मी आवारातल्या कडुलिंबाखाली प्रेमला घेऊन बसले. अकरा पंचवीसला एक सर धम्मप्रियाला बाहेर घेऊन आले. त्यांच्या हातात तिचा पेपर होता.

"तुम्ही हिच्यासोबत आलात का?"

"हाव. काय झालं?"

"कॉपी."

मल्लिनाथ सर, गणिताचे. नाव नंतर कळलं. ते रागावलेले कमी आणि चक्रावलेले जास्त दिसत होते. "वीस वर्षं झाली पेपरावर उभं राहायलोय. चिठ्ठ्या बघितल्या, बाह्यांवर लिहिलेलं बघितलं. ही पोरगी खुशाल पूर्ण मागं फिरली अन् मोठ्यानं म्हणती, उज्वले, डिनॉमिनेटर म्हंजे छेद, तो सारखा कर आधी. सगळ्या वर्गाला ऐकू गेलं."

"ती अडली होती," धम्मप्रिया म्हणाली. आपल्याला बाहेर कामून आणलं, हे तिला अजून कळलंच नव्हतं.

मी सरांना सांगितलं. वाडीची शाळा, एक खोली, दाखवायची सवय. घरी मीही तेच करून घेतलं, हेही सांगितलं. सांगता सांगता माझ्याच ध्यानात आलं, माझ्या वहीतल्या यादीत बस होती, घंटा होती, मुतारी कुठं असते ते होतं. पेपरात एकटीनं बसायचं असतं, हे कुठंच नव्हतं. मला ते सांगायची गोष्टच वाटली नव्हती.

"बाई, कॉपी करणारं लेकरू ओरडून करत न्हाई, हे मलाबी कळतंय," सर म्हणाले. "पण आत सत्तर लेकरं बघायलीत. तिला तसंच परत बसवलं तर उद्या मला जाब विचारतील. असं करू. लिहून द्या, मी कॉपी केली, पुन्हा करणार न्हाई. सही करा. उरलेल्या वेळात पेपर सोडवू द्या. न्हाईतर रद्द."

त्यांनी कोरा कागद दिला. घड्याळात अकरा पस्तीस.

"लिही, धम्मे. एकच ओळ हाय."

तिनं पेन घेतलं नाही. "पण वैनी, मी न्हाई केली कॉपी."

"मला माहीत हाय. लिही तरी. वेळ चाललाय."

"मला तर सगळं येत होतं. तिचं बघून मी काय करू?"

प्रेम माझे केस ओढत होता. मला महामाया अक्काचा चेहरा दिसत होता आणि घड्याळ दिसत होतं. मी तिच्यावर ओरडणार होते. तेरा वर्षांच्या मुलीला मी हायस्कूलच्या उंबऱ्यात पहिली गोष्ट शिकवणार होते ती ही, की अडचण आली तर खोटं लिहून मोकळं व्हायचं. तोंडाशी आलेलं मी गिळलं.

"मग जे केलंस ते लिही," मी म्हणाले.

ती खाली बसली, कागद मांडीवर घेतला. तिचं अक्षर आधीच मोठं, त्यात ती सावकाश लिहिते. प्रत्येक अक्षराला माझा जीव जात होता.

'मी मागे फिरून उज्वलाला छेद सारखा करायचं दाखवलं. आमच्या शाळेत दाखवायचं असतं. इथे पेपरात नसतं, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.'

खाली सही केली. मी कागद घेऊन त्याखाली लिहिलं, 'हे सांगायचं माझ्याकडून राहिलं,' आणि माझी सही.

सरांनी दोनदा वाचलं. "तुम्ही हिच्या पालक का?"

"न्हाई. शिकवते मी हिला."

"असं कुणी लिहून देत न्हाई, बाई." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, पुन्हा काढला आणि धम्मप्रियाच्या उत्तरपत्रिकेला टाचणीनं जोडला. "हे असंच राहील. मुख्याध्यापक बघतील. चल, व्हरांड्यात खुर्ची टाकतो. भिंतीकडं तोंड."

अकरा बेचाळीस झाले होते. तिच्याकडं अठरा मिनिटं उरली, आणि अकरा प्रश्न. मी झाडाखालून तिची पाठ बघत होते. ती एकदाही वळली नाही.

यादी चारला लागली. धम्मप्रिया अठ्ठाविसावी. मी तीनदा बोट ठेवून बघितलं. उज्वलाचं नाव यादीत नव्हतं, ती मराठी तुकडीत. महामाया अक्काला फोन लावला तर ती शेतातून नुसतं "खरंच का?" "खरंच का?" विचारत राहिली. मधली गोष्ट मी तिला घरी गेल्यावर सांगायची ठरवली.

परतीच्या बसमध्ये उज्वला खिडकीशी झोपून गेली. धम्मप्रिया खुश दिसत नव्हती.

"वैनी, तिच्या तुकडीत तिच्या ओळखीचं कुणीच न्हाई."

"होईल ओळख."

"अन् अडली तर? तिला तिकडं कोण दाखवंल?"

उज्वलानं सात वर्षांत गुरुजींना एक प्रश्न विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती, धम्मप्रिया शेजारी होती. ह्या दोघींत कच्ची कोण आणि तयार कोण, हे मी मार्कांवरून ठरवत बसले होते.

शाळा उघडायला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अपूर्णांक बाजूला ठेवले.

"उज्वले, आज फक्त विचारायचं. उभं राहायचं, हात वर, आणि म्हणायचं, सर, मला समजलं नाही."

"कुणाला म्हणू?"

मी धुरपताबाईंना खुर्चीवर बसवलं आणि प्रेमला त्यांच्या मांडीवर दिलं. "आई, तुम्ही सर. काहीतरी शिकवा, हिला न समजणारं."

"मला काय येतं शिकवायला?"

"वाकळ शिवायला येती की."

"मग ऐक गं," म्हणून सासूबाईंनी सुरू केलं. जुन्या लुगड्यांचे थर कसे घालायचे, कडेनं टाका कसा धरायचा, कोपऱ्यात दोरा कसा वळवायचा, चौकटीत चौकट कशी आणायची, एका दमात. त्यांच्या वाकळीला गावात तोड नाही, पण त्यांचं बोलणं हाताशिवाय कळत नाही.

उज्वला उभी राहिली. हात अर्धाच वर. तिनं सवयीनं शेजारी बघितलं. धम्मप्रियाचं तोंड उघडलंच होतं. तिनं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि डोळे मिटले.

"सर," उज्वला पुटपुटली, "मला समजलं न्हाई."

"मग मी काय करू?" धुरपताबाई म्हणाल्या. "मी तर सांगितलं. बस खाली."

धम्मप्रिया हातामागून फुसकन हसली. उज्वला लाल झाली. मला वाटलं आता बसते. पण ती बसली नाही. हात मात्र पूर्ण वर गेला.

"बसत न्हाई. कोपऱ्यात दोरा वळवायचं कळलं न्हाई. तिथून पुन्हा सांगा."

"लई चिकट हाय की ही," धुरपताबाई म्हणाल्या, आणि प्रेमला दुसऱ्या मांडीवर घेऊन त्यांनी कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली.