काढून टाकलेला प्रश्न

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. जुना आणि हलका. अवघा अठरा के.बी.चा. तुमच्या आजच्या एका फोटोत माझ्यासारखे दोनशे सहज मावतील. या हलकेपणाचा मला फार गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगाच नाही.

माझं काम साधं होतं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत मी फायलींची यादी मांडायचो. डावीकडे कॉम्प्युटरमधल्या, उजवीकडे फ्लॉपीवरच्या. लांबलचक इंग्रजी कमांड टाइप करताना ज्यांना घाम फुटायचा, त्यांनी नुसता बाण सरकवायचा. एका बटणाने फायलीची नक्कल व्हायची, एका बटणाने ती पुसली जायची.

माझा जन्म १९९१ सालचा, भिलाईतला. सेक्टर १० मध्ये मराठी मंडळींच्या रक्तदाता समितीची एक खोली होती आणि त्या खोलीत कुणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर होता. कमलिनीताई दिवसा कारखान्यात क्लार्क होत्या. ड्यूटी संपली की त्या इथे यायच्या, आणि संध्याकाळी बसून त्यांनीच मला लिहिलं. खरं तर मला लिहिलं ते देवीदासकाकांसाठी. काका रिटायर्ड फिटर. सायकलवरून क्वार्टर-क्वार्टर फिरून, थेट उतई गावापर्यंत जाऊन, त्यांनी चारशे रक्तदात्यांची नावं, रक्तगट आणि पत्ते गोळा केले होते. ते सगळं एका फायलीत होतं, आणि तिची नक्कल एका फ्लॉपीवर. मूळ कागद कधीच रद्दीत गेले होते.

सुरुवातीला मी काहीही पुसण्याआधी फायलीचं नाव घेऊन विचारायचो, ‘ही नक्की पुसू? हो की नाही?’ काका वैतागायचे.

“दरवेळेस काहून विचारते वो हे, कमलिनी? मी काय खोटं बोलून राहिलो का?”

ताई हसल्या आणि त्यांनी तो प्रश्न काढून टाकला. मी आणखी हलका झालो. काका म्हणाले, “आता कसं झ्याक पळते!” मीही फुशारलो.

मग खांडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून त्यांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काकांनी जन्मभर पान्यांची पूजा केली होती. आता त्यांचं हत्यार कॉम्प्युटर. त्यांनी टेबल धुतलं, पडदा पुसला, आणि मग त्यांच्या मनात आलं की आतूनही स्वच्छ करावं. डावीकडे जुन्या नोटिसांची गर्दी होती. त्यांनी एका बटणाने सगळ्यांवर खूण केली आणि दुसरं बटण दाबलं. त्या गर्दीत रक्तदात्यांची यादी होती. मला ती दिसत होती, पण विचारायला माझ्याकडे शब्दच उरले नव्हते. मी पुसली.

नंतर त्यांनी नक्कल असलेली फ्लॉपी ताटात ठेवली. तिच्या एका कडेला लांबट खिडकी असते, आतली चकती तिथे उघडी असते. फ्लॉपीचा जीव तिथेच, हे काकांना माहीत होतं. म्हणून तिथेच त्यांनी हळदीकुंकवाचं ओलं बोट टेकवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. मग रिकाम्या झालेल्या जागेवर दसऱ्याच्या कार्यक्रमाची भलीमोठी निमंत्रण यादी टाइप केली.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी लहानू धावत आला. तो रेल्वेत गँगमन, उतईचा. त्याच्या चपला कुठेतरी वाटेतच राहिल्या होत्या.

“ताई, माही रुक्मा बाळंतीण झाली. रक्त थांबूनच नाही राहिलं. ओ निगेटिव्ह पाहिजे म्हणते डॉक्टर. दोन घंट्यात आणा म्हणते.”

“आहेत, तीन जण आहेत. बसा तुम्ही,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला उघडलं.

डावी बाजू रिकामी. फक्त निमंत्रण. त्यांनी फ्लॉपी घातली; चकतीला हळदीकुंकू चिकटलेलं, ती नुसती खरखरली आणि उजवीकडेही काही उमटलं नाही. पुसलेलं, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत, तळाशी शिल्लक असतं, म्हणून त्यांनी तिथेही खरवडून पाहिलं. निमंत्रणाच्या खाली बारा नावं सापडली. त्यांतला एकही ओ निगेटिव्ह नव्हता. त्या पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होत्या आणि मी पुन्हा पुन्हा तेच रिकामं पान दाखवत होतो.

“मीच पुसलं वो, पोरी,” तेवढ्यात आलेले काका दारातूनच म्हणाले. “घर झाडतो तसं झाडून टाकलं.”

ते तसेच सायकलवर बसले. कोणतं क्वार्टर ते आठवेना, म्हणून दार दिसेल ते ठोठावत गेले. मला कुणी बंद केलं नाही. मी उघडाच राहिलो, त्या रिकाम्या पडद्यावर. चौथ्या तासाला त्यांना त्या तिघांतला एक माणूस सापडला. तो बिचारा आपट्याची पानं हातात घेऊन तसाच निघाला. दवाखान्यात पोहोचले तेव्हा रुक्मा गेली होती. मुलगी वाचली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्यात तो प्रश्न परत लिहिला. लिहिताना त्या रडत होत्या. काकांनी सायकल काढली आणि पहिल्या क्वार्टरपासून पुन्हा नावं गोळा केली, पण कॉम्प्युटरला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

वर्षभराने लहानू आला. कडेवर पोरगी होती.

“माहं नाव लिहून घ्या, ताई.”

“भाऊ, तुमचा रक्तगट ‘बी’ पॉझिटिव्ह. तो कुठेही मिळतो.”

“असू द्या. लिहा.”

ताईंनी लिहिलं. मी ते जपून ठेवलं.

आता मी कमलिनीताईंच्या घरी, बिस्किटांच्या डब्यातल्या एका फ्लॉपीवर पडून आहे. ती वाचणारं यंत्र कुणाकडे उरलेलं नाही. माझी एकच विनवणी आहे, मित्रांनो. कुणी तुम्हाला थांबवून पुन्हा एकदा विचारलं, तर त्याच्यावर वैतागू नका आणि त्याचं तोंड बंद करू नका. त्या दिवशी मी विचारलं असतं, तर काका थांबले असते का, हे मला ठाऊक नाही. पण मी विचारलं नाही, आणि रुक्माच्या पोरीला आई नाही.