वरची दोन बोटं

"या दुनियेत प्रत्येक चीज आपली ओळख पहिल्या दोन बोटांत देते. पुढची नुसती लांबी," मोहिउद्दीनचाचांनी जाहीर केलं. त्याच क्षणी कॉम्प्युटरने अशी शिट्टी मारली की त्यांच्या बशीतला चहा थेट पायजम्यावर उतरला.

मुख्तारने घाईघाईने बटण दाबून तिला गप्प केलं. त्याच्या कॉम्प्युटर अकॅडमीत कॉम्प्युटर एकच होता. त्याला बायकोने विणलेलं झाकण होतं आणि त्याच्यासमोर चपला घालून बसायला बंदी होती. पडद्यावर बदाम, किलवर, हसरे चेहरे आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं दाटीवाटीने उभी होती.

"हे जावयाचं खत?" चाचांनी पायजमा झटकत विचारलं.

त्यांची मुलगी तय्यबा पडद्याच्या आणखी जवळ सरकली. तिचा नवरा अब्दुर्रहमान सौदीत, दम्मामला एका ऑफिसात कारकून होता. सात महिन्यांत त्याच्या पत्राची एक ओळ आली नव्हती. काल एक अनोळखी माणूस दारात आला, फ्लॉपी हातावर ठेवली, "खत आत आहे, गुरुवारी मी परत जातोय," म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

"फाइलला नाव खताचं लावलंय," मुख्तार म्हणाला. "पण नाव काय, कुणीही काहीही लावतो. अगदी वरची अक्षरं बघा. जी, आय, एफ. ही माणूस लिहीत नाही, मशीन लिहितं. म्हणजे आत चित्र आहे."

चाचा खूश झाले. तीस वर्षं ते लूमवरून उतरलेले कापडाचे तागे तपासत होते. "मी काय सांगत होतो? ताग्यावरची चिठ्ठी शेठ बदलतो. मी चिठ्ठी वाचतच नाही. वरची दोन बोटं उलगडतो आणि सांगतो, हा सावळारामच्या हातचा. आमचा जावईपण तसलाच. खत सोडा, धोब्याच्या यादीवरसुद्धा आधी बिस्मिल्लाचं सातशे शहाऐंशी लिहील, मग पायजमे."

तय्यबाने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. तिच्यात त्याची सहा वर्षांची पत्रं होती.

मुख्तारने फाइलचं नाव बदललं. चित्र वरून खाली, एकेक रेघ करत उतरू लागलं. बाहेर लूम खडखडत होते, त्यामुळे आत कुणी श्वास रोखला तरी कळत नव्हतं. आधी पांढरं. मग काळा ठिपका. मग एक वेलांटी.

"अरे, हे तर हातचं पत्रच," मुख्तार म्हणाला. "तिकडे मराठी टाइप कुठून करणार? कागदाचाच फोटो काढलाय शहाण्याने."

चाचांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. प्रिय तय्यबा. मी मजेत आहे. कामामुळे लिहिता आलं नाही. हे आणणारा माणूस भरवशाचा आहे, गुरुवारी त्याच्याबरोबर निघून ये. कागदपत्रं त्याच्याकडे दे. अब्बांना त्रास देऊ नकोस, एकटीच ये. येताना सुकट आण.

"सुकट!" चाचा हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले. "सात महिने आमच्या पोटात गोळा, आणि याला सुकट पाहिजे. अक्षर त्याचंच, जरा घाईतलं. मुख्तार, चहा सांग. पैसे माझे."

"मुख्तारभाई," तय्यबा म्हणाली, "परत एकदा वरून."

चित्र पुन्हा उतरू लागलं. पांढरी रेघ, पांढरी रेघ, पांढरी रेघ. मग काळा ठिपका.

"इथेच थांबवा."

मुख्तारने थांबवलं. तय्यबाने पिशवीतून एक जुनं पत्र काढलं आणि वरची दोन बोटं तेवढी उलगडून पडद्याशेजारी धरली. चाचांनी पत्राच्या माथ्यावरचं सातशे शहाऐंशी पाहिलं, पडद्यावरचं कोरं पांढरं पाहिलं. तपासनिसाची नजर ती, वेळ लागला नाही. त्यांनी कपबशी हळूच टेबलावर ठेवली.

"गुरुवारला किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तीन," मुख्तार म्हणाला.

तय्यबाने जुनं पत्र घडी करून पिशवीत ठेवलं.

"मुख्तारभाई, तुमच्या मशीनवर छापता येतं ना?"

"येतं. सगळं पत्र छापू?"

"नाही. एवढंच वरचं द्या."

"अगं, पण वर काहीच नाहीये. कोरा कागद येईल."

"चालेल," तय्यबा म्हणाली. "तेवढा नीट छापा. गुरुवारी तो माणूस आला की तोच त्याच्या हातावर ठेवते."