म्हशीची फिल्लम

मी बोलते आहे, यात नवल वाटायचे कारण नाही. बोलण्यासाठीच मला घडवले होते. मी एका हिंदी बोलपटाची फीत आहे. काळी, चकचकीत, लांबच लांब, पत्र्याच्या गोल डब्यांत गुंडाळून ठेवलेली. माझे खरे नाव ‘हुजूर की भैंस’. पण रत्नागिरीत या नावाने मला कोणी ओळखले नाही. तिथे मी ‘म्हशीची फिल्लम’ होते.

आज माझी हकिगत सांगताना वाटते, मुकी असते तर बरे झाले असते. माझ्या आधीच्या फिती मुक्याच होत्या. त्यांच्यावर भरवसा ठेवून कोणी उठून उभे राहिले असेल, असे ऐकिवात नाही.

माझा जन्म मुंबईचा. ज्यांनी मला रचले ते गृहस्थ काही वर्षे कुठल्याशा कचेरीत खर्डेघाशी करून आले होते. तिथे पाहिलेले सगळे त्यांनी माझ्यात ओतले आणि वर हसू शिंपडले. गोष्ट साधी होती. एका गावात एक हुजूर असतात. आपण लाच घेत नाही याचा त्यांना भारी अभिमान. कोणी काही घेऊन आला की ते दोन्ही हात मागे बांधून म्हणतात, “हम रिश्वत को छूते तक नहीं। जो लाए हो, भैंस को खिला दो।” मग लोक म्हशीपुढे पेंढी टाकतात. पुढे गूळ येतो, पेढे येतात, शेवटी म्हशीच्या पायांत चांदीचे तोडे आणि पाठीवर शाल येते. म्हैस प्रसन्न झाल्याशिवाय गावात कागद हलत नाही.

शेवटी एक गवतवाली येते. तिला झोपडीवर छप्पर घालायची परवानगी हवी असते. शिपाई तिचा भारा ओढू लागतो तेव्हा ती तो धरून ठेवते आणि म्हणते, “यह घास मेरी बकरी की है।” एवढे बोलून ती दारात बसते. तिचे ऐकून गाव आधी हुजुरांना हसतो. मग एकेक करून सारा गाव तिच्या बाजूला येऊन बसतो. हुजुरांवर स्वतः म्हैस दोहायची पाळी येते, आणि म्हैस त्यांना लाथ मारून गव्हाणीत पाडते. लोक खुर्च्या बडवून हसत. मलाही फार अभिमान वाटे. मला वाटे, मी म्हणजे काही नुसती करमणूक नव्हे.

एकोणीसशे छत्तीस साली दिवाळीनंतर मी आगबोटीने रत्नागिरीला आले. मला आणले आत्माराम शेट यांनी. ते मूळचे राजापूरचे. घरचा काजूचा व्यापार भावावर सोपवून ते फिरता सिनेमा घेऊन कोकणभर हिंडत. माणूस हौशी आणि मऊ. लोकांना हिंदी नीट कळत नसे म्हणून ते स्वतः पडद्याशेजारी उभे राहून माझ्या बोलण्याचा अर्थ मोठ्या आवाजात मराठीत सांगत. गवतवालीचे वाक्य सांगताना तर ते दोन पावले पुढे येत. यंत्र चालवायला काशीराम होता. तो मुंबईच्या एका थेटरात काम शिकून आला होता. खेळ झाला की मऊ फडक्याने तो मला पुशी आणि उलटी गुंडाळताना आपल्याशीच बोलत राही. गावात काय चालले आहे ते मला त्याच्याकडूनच कळे.

पहिल्या खेळाला तंबू गच्च भरला. पुढच्या खुर्च्या अधिकारी मंडळींच्या. त्यांना तिकीट नसे. मधल्या खुर्चीवर रावसाहेब बसले होते. बंदरावरचा मासळीबाजार आणि खेळतमाशांचे परवाने त्यांच्या देखरेखीखाली होते. कोणी कुठे बसायचे, कोणी उठायचे, हे तेच ठरवत. मागे सतरंजीवर बाजारातल्या बायका बसल्या होत्या.

म्हशीला तोडे चढवले तेव्हा पहिले हसले ते रावसाहेबच. आणि त्याच क्षणी सतरंजीवरून एक खणखणीत आवाज आला, “अगो बाय, ही म्हस खयची! ह्यो तर रावसायबांचा मांजर!”

तंबू हसून असा फुटला की माझे पुढचे बोलणे कोणाला ऐकूच गेले नाही. काशीरामही पोट धरून हसत होता. मला अर्थ कळला नाही, तो त्याने नंतर सांगितला. रोज सकाळी रावसाहेबांचा शिपाई बाजारात येई, प्रत्येक पाटीतला उत्तम मासा उचली आणि म्हणे, “साहेबांच्या मांजराला पाहिजे.” एवढी सुरमई आणि एवढे सरंगे खाणारे मांजर केवढे असेल, असे लोक आपसांत कुजबुजत. मोठ्याने मात्र कोणी म्हटले नव्हते.

म्हणणारी होती बकुळा. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. ती सासूला आणि दोन मुलींना घेऊन बंदराजवळ राही आणि मासळी विकी. रावसाहेबांनी हसू थांबवले नाही. फक्त एकदा मान वळवून मागे पाहिले.

त्यानंतर बकुळा पुन्हा पुन्हा खेळाला येऊ लागली. एकदा खेळ सुटल्यावर ती आत्माराम शेटना विचारत होती.

“शेट, ती गवतवाली शिपायाला काय म्हनते?”

“म्हणते, हे गवत माझ्या शेळीचं आहे.”

“बास? येवढाच?”

“एवढंच.”

“आनी सगला गाव येऊन बसतो तिच्या बाजूला?”

शेट हसले. “सिनेमा आहे गं तो.”

“व्हय. पन आदी तो गाव हसतो. आमचा पन हसला,” असे म्हणून ती विचार करीत निघून गेली.

मला तेव्हा धन्य वाटले होते. आज तो आनंद आठवला तरी लाज वाटते.

दोन-चार दिवसांनी आत्माराम शेट आणि काशीराम सकाळी मासळी घ्यायला बंदरावर गेले. शेटनी बकुळेच्या पाटीतली सुरमई उचलली, कल्ला उघडून पाहिला. आत लालभडक होता, म्हणजे मासा अगदी ताजा. भाव ठरतो आहे तोच रावसाहेबांचा शिपाई आला आणि त्याने त्याच सुरमईला हात घातला. बकुळेने पाटीवर आडवा हात ठेवला.

“ह्यो म्हावरा माज्या पोरींचा हाय,” ती म्हणाली.

शिपाई निघून गेला. बकुळा आपल्या जागेवर बसून राहिली आणि तिने डावीउजवीकडे पाहिले. तंबूत हसलेल्या सगळ्या बायका तिथे होत्या. एकीने खवले काढायला घेतले, एक गिऱ्हाइकाला हाका मारू लागली. अगदी लागून बसणारी गोदा, जी तिची लहानपणची मैत्रीण, तिनेही मान खाली घातली. थोड्या वेळाने रावसाहेब स्वतः आले. त्यांनी लांबूनच नाकाला रुमाल लावला आणि मासळी कुजकी असल्याचे जाहीर केले. पाटी खाडीत उलटी झाली. कुजका माल विकला म्हणून बकुळेची जागाही गेली.

हे सगळे काशीरामने मला पुसता पुसता सांगितले. “आणि आम्ही दोघं तिथंच उभे होतो,” तो मला म्हणाला. “खांबासारखे.”

त्याच दुपारी बकुळा तंबूवर आली. शेट दोऱ्या ताणून बांधत होते.

“शेट, मी मोठ्या सायबाकडं अर्ज करनार हाय. तुमचा शब्द मानतील. तुमी येवढाच सांगा, म्हावरा ताजा व्हता.”

पण त्याआधीच रावसाहेबांचे बोलावणे शेटना येऊन गेले होते. तंबूचा परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही, याचा विचार चालला आहे, असे त्यांनी चहा पाजत सांगितले होते.

“मी नीट पाहिलं नाही, बकुळा,” शेट म्हणाले.

“तुमी कल्ला उघडून बगितलात.”

शेट दोरीची गाठ सोडत राहिले आणि पुन्हा बांधत राहिले.

“शेट,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुमी रोज उबं राहून त्या बाईचा बोलना लोकांना सांगता. ता काय उगाच?”

शेट दुसऱ्या दोरीकडे वळले. ती गेली. काशीराम पुढे होऊन म्हणाला, “शेट, मी सांगतो.” शेट एकदम ओरडले, “तू सांगशील आणि हा तंबू उद्या उठेल! मग तूही उपाशी आणि मीही!” काशीराम आपल्या यंत्राकडे परत गेला.

संध्याकाळी शेटनी कात्री आणली. शेवटचे रीळ उघडून त्यांनी काशीरामला गवतवाली दाखवली. “एवढी काढ.” काशीरामने ते काम केले. भारा धरलेले तिचे हात, तिचे वाक्य, तिच्या शेजारी येऊन बसणारा गाव, सगळे माझ्यातून निघाले. उरलेली टोके त्याने उग्र वासाच्या डिंकाने जोडली. मला वेदना होत नाहीत. पण त्या जोडावरून यंत्राचे दाते गेले की एक ‘टक्’ असा आवाज होई, आणि तो आवाज मला अजून नकोसा वाटतो.

एवढ्यावर भागले नाही. रावसाहेबांच्या घरी नातवाचे बारसे होते. शेट यंत्र, पडदा आणि मला बैलगाडीत घालून त्यांच्या अंगणात घेऊन गेले. खेळ फुकट. पाहुण्यांनी मनसोक्त हसून घेतले. रावसाहेब म्हणाले, “फार बोधप्रद आहे हो. समाजाचे डोळे उघडायला असे बोलपट निघायलाच हवेत.” शेटनी हात जोडले.

लाचेला हसण्यासाठी मला घडवले होते, आणि आता मीच म्हशीपुढे टाकलेली पेंढी झाले होते. पडद्यावर उजेड पडला होता तेवढ्या वेळात मी त्या अंगणात, ओटीवर, पाहुण्यांच्या पायांत सगळीकडे पाहून घेतले. त्या घरात मांजर नव्हते.

पुढच्या बाजारच्या दिवशी तंबूत पुन्हा माझा खेळ लागला. म्हशीला शाल घातली गेली, ‘टक्’ असा आवाज झाला आणि हुजूर एकदम स्वतःच म्हैस दोहायला बसले आणि लाथ खाऊन गव्हाणीत पडले. ते दोहायला का बसले, कोणाला काही कळले नाही. तरी लोक हसले. तेवढ्यात सतरंजीवर बकुळा उभी राहिली.

“थांबवा! हय येक गवतवाली व्हती. ती खय गेली?”

“खाली बस गो!” मागून कोणी ओरडले. “पैसे दिलेत आम्ही!”

आत्माराम शेट पडद्याशेजारी उभे होते. माझ्या बोलण्याचा अर्थ लोकांना सांगणारा तोच आवाज अंधारात म्हणाला, “अशी कोणी बाई या चित्रात नाही.”

मी बोलपट. पण जे बोलायचे ते कापून बाजूला पडलेले. मी म्हशीचे हंबरणे ऐकवत राहिले.

मग बकुळेच्या मागून दुसरा आवाज आला. घाबरलेला, जेमतेम ऐकू येणारा. गोदेचा.

“व्हती. मी बगितली व्हती.” ती उभी राहिली. “आनी त्या दिशी म्हावरा पन ताजा व्हता. मी बाजूलाच बसलेली.”

यंत्र थांबले. पडदा काळा झाला. काशीराम यंत्राच्या खोपटातून बाहेर आला आणि कंदिलाच्या उजेडात लोकांसमोर उभा राहिला.

“बाई होती,” तो म्हणाला. “या हातांनी मी कापली.”

यावेळी कोणी हसले नाही. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी उठून निघून गेली.

सिनेमात असते तर सारा बाजार दुसऱ्या दिवशी बकुळेशेजारी येऊन बसला असता. तसे झाले नाही. गोदेने आपली पाटी सरकवून तिला अर्धी जागा दिली, एवढेच झाले. अर्जावर गोदेने अंगठा दिला, काशीरामने सही केली. काशीरामची नोकरी गेली. तो बुरोंडीकडे मेव्हण्याच्या होडीवर गेल्याचे मागाहून कानावर आले. बऱ्याच महिन्यांनी बकुळेला तिची जागा परत मिळाली. चूक कोणाची होती, हे मात्र कोणी म्हटले नाही. रावसाहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. त्यांच्या निरोपसमारंभाला हार होते, पेढे होते, आणि करमणुकीला मीच होते.

बकुळा पुन्हा तंबूत आली नाही. “फिल्लम बगायला चल,” असे मुलींनी म्हटले तर ती म्हणे, “ती खोटारडी हाय.” हे मला एका नव्या ऑपरेटरच्या गप्पांतून कळले. तिच्यावर रागवायचा मला अधिकार नाही.

आता मी राजापुरात, शेटच्या घरच्या माळ्यावर पडून आहे. कोकणच्या दमट हवेने डबे गंजले, माझे वेढे एकमेकांना चिकटले. शेट आता सिनेमाचा धंदा करत नाहीत. मध्ये एकदा ते वर आले, शेवटच्या रिळाचा डबा उघडला, तो जोड बोटाने चाचपला आणि झाकण लावून खाली गेले. त्यांनाही लाज वाटते, असे मला वाटते. पण ते बोलणार नाहीत, म्हणून मी बोलले.

काल एक बांगडीवाला येऊन मला पाहून गेला. अशा जुन्या फिती गरम पाण्यात धुतल्या की चित्रे निघून जातात आणि उरलेल्या पारदर्शक पट्टीच्या बांगड्या करता येतात, म्हणे. सौदा ठरला आहे. म्हैस जाईल, हुजूर जातील, माझे बोलणेही जाईल. मला त्याचे दुःख नाही.

फक्त एक विनवणी आहे, बांगडीवाले दादा. त्या बांगड्या कुठेही विका, पण रत्नागिरीच्या बंदराकडे नेऊ नका. सणासुदीला बकुळा हात पुढे करील, आणि त्या हातात चढायची माझी लायकी नाही.