झुल्माच्या चेहऱ्यावरचा चरा

दुसरा रोलही वाया गेला. तळघरातल्या तांबड्या दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर आईचा चेहरा हळूहळू उमटत आला आणि त्याच्यासोबत तो काळा चराही, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पहिल्या रोलवर होता अगदी तिथेच. लिव्हिनने ओला कागद मुठीत चुरगाळला आणि भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडला. पंचेचाळिशीचा बस ड्रायव्हर, पण तिथे बघायला होतं कोण?

वरच्या खोलीत त्याची आई, झुल्मा, ऑक्सिजनची नळी लावून पडली होती. १९८१चा फेब्रुवारी होता आणि ईस्टर काही ती बघत नाही, हे डॉक्टरांनी आडून आडून सांगून झालं होतं. तिचं मागणं एकच होतं. अंत्यविधीला चर्चमध्ये वाटतात त्या प्रार्थनेच्या कार्डावर आपला एक बरा फोटो असावा. गल्लीतल्या निम्म्या मेलेल्यांचे फोटो तिच्या नवऱ्याने, ओमेरने, ते जिवंत असताना काढून याच तळघरात धुतले होते. आता ओमेर नव्हता आणि त्याचा कॅमेराही नव्हता. म्हणून लिव्हिनने तसलाच एक जुना कॅमेरा कोर्त्रेक शहरातल्या दुकानातून आणला होता.

“स्टुडिओवाल्याला घरी बोलावू का?” त्याने आधीच विचारून पाहिलं होतं.

“तो मेला नवऱ्यामुलींना हसायला शिकवतो. मी काय नवरी आहे?” आई फणकारली होती. “अख्खी गल्ली तुझ्या बापाच्या तळघरातून गेली, मग मीच काय पाप केलं?”

फोटोसाठी नळी काढायची, निळा ब्लाउज चढवायचा, उशीला टेकून ताठ बसायचं. एवढ्यानेही तिला धाप लागायची. दुसऱ्या खेपेला लिव्हिन कॅमेऱ्याच्या स्टँडला अडखळून पडता पडता वाचला आणि ती खळखळून हसली. नेमकं तेच हसू चऱ्याखाली गेलं होतं.

सकाळी तो तडक दुकानात गेला.

“भंगार गळ्यात मारलंत माझ्या! तुमचा कॅमेरा आईच्या तोंडावर ओरखडे काढतोय!”

दुकानदार रेमी काउंटरमागून उठलासुद्धा नाही. “ओरडू नकोस रे. एक नवा रोल घाल, शेवटपर्यंत फिरव आणि न धुता उजेडात ओढून बघ. रोल मरेल, पण चोर सापडेल.”

लिव्हिनने तिथेच रोल फिरवला, ओढून काढला, खिडकीपाशी तिरका धरला. एवढासाही चरा नव्हता.

“मग चोर तुझ्याच घरात आहे,” रेमी म्हणाला.

घरात दुसरं होतं काय? बापाचे ट्रे, बापाचा चिमटा. त्या गावचं पाणी असं चुन्याचं की किटली आतून पांढरीफटक व्हायची. ओली फिल्म तशीच टांगली की थेंब वाळून डाग पडायचे. म्हणून ओमेर प्रत्येक फिल्म चिमट्याच्या दोन रबरी पात्यांमधून ओढून पुसायचा. पुसल्याशिवाय दोरीवर घालायची नाही, हा त्याचा कायदा. लिव्हिननेही तो पाळला होता.

त्याने रबरावरून नख फिरवलं. साखरेच्या कणासारखं काहीतरी टोचलं. चुना. वर्षानुवर्षं पुसलेला चुना रबरावरच चिकटून दगड झाला होता. म्हणजे तो चरा त्यानेच ओढला होता, स्वतःच्या हाताने, दोनदा. 

तिसरा फोटो काढेपर्यंत आईला मानही धरवेना. लिव्हिनने वाफेच्या इस्त्रीत घालतात त्या बिनचुन्याच्या पाण्यात फिल्म खळबळली, बोटही न लावता टांगली. फोटो आरशासारखा स्वच्छ आला. तो जिने चढून धावतच तिच्याकडे गेला.

तिने बराच वेळ बघितलं. “ही कोण म्हातारी?”

“आई, तूच गं.”

“मी तर आत्ताच गेल्यासारखी दिसतेय. तू अडखळलास तेव्हाचा आण.”

“त्याच्यावर चरा आहे गं.”

“असू दे की. हसतेय तरी!” तिने डोळे मिटून घेतले. “तोच छाप. नाहीतर वर गेल्यावर तुझ्या बापाला सगळं सांगेन.”

लिव्हिनने तो फोटो पुन्हा कागदावर उतरवला. ब्लेडने चरा खरवडायला गेला, तर कागदच सोलवटायला लागला. आईला वाचवता येत नव्हतं आणि तिचा फोटोही धड करता येत नव्हता. शेवटी चऱ्यासकट फोटो छापखान्यात दिला. मार्च संपायच्या आत कार्डं लागली.

चर्चमध्ये लोक रांगेने पुढे आले, एकेक कार्ड उचलून परत फिरले. पहिल्या बाकावरून लिव्हिन बघत होता. जो तो कार्डाकडे बघायचा आणि अंगठ्याने झुल्माचा चेहरा पुसायचा.

“केस चिकटलाय वाटतं,” शेजारीण पुटपुटली आणि तिने पुन्हा एकदा, जरा जोराने पुसलं.

केस नाही तो, असं लिव्हिनला सांगायचं होतं. पण तोवर रांग पुढे सरकली. सगळ्यात शेवटी त्याने स्वतःचं कार्ड उचललं, हसणाऱ्या आईकडे बघितलं आणि त्याचाही अंगठा तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरला.